चार कॉइल आणि बाबांचा प्रश्न

माझी गाडी भर वेगात ठसकते, हे निदान बाबांच्या देखत कळायला नको होतं.

मूल गाव मागे टाकून आम्ही चंद्रपूरच्या जंगलातल्या रस्त्याला लागलो होतो. बाबा शेजारी बसलेले, पुढे धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रक, समोरून येणारी बस अजून बरीच लांब. मी गिअर उतरवला, पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, गाडी ट्रकच्या बरोबरीला पोचली आणि तिथेच इंजिन खाडखाड करत बसलं. ब्रेक मारून मी कशीबशी पुन्हा ट्रकच्या मागे घुसले. बस हॉर्न वाजवत निघून गेली. बाबांनी दाराच्या वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"काऊन अडली वं?" त्यांनी विचारलं.

"काई नाई बाबा, पेट्रोल खराब असन," मी म्हणाले. पुढे रस्ता मोकळा मिळूनही मी त्या ट्रकच्या मागेच राहिले, ते त्यांना दिसत होतं.

त्या दिवसापासून बाबा माझ्या गाडीत बसले नाहीत. मोठी बहीण, आमची बाई, भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहते. तिच्याकडे जायला ते आता सावली गावाजवळच्या आमच्या खेड्याहून निघून, वाटेत एस.टी. बदलत, गुडघे चोळत जाऊ लागले. मी गाडी दारात आणली तरी "मले बस पुरते" म्हणून पिशवी उचलायचे. मला ते फार लागलं. मी गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. वीज शिकवणाऱ्या बाईची गाडी ठिणगीपायी अडते आणि तिचा बाप बसने जातो, हे मी चालू देणार नव्हते.

अडत होती ती ठिणगीच, याबद्दल मला शंका नव्हती. टर्बो इंजिनात हवा कोंबतो आणि मी तर हौसेने त्याचा दाब आणखी वाढवून घेतला होता. एवढ्या दाबात प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडणं ठिणगीला जड जातं, ती विझते आणि गाडी ठसकते. आधी मी प्लग काढून ही फट कमी केली. गाडी पूर्वीपेक्षा उशिरा ठसकू लागली, पण ठसकलीच. म्हणजे जास्त दमदार ठिणगी देणारं काहीतरी बसवणं आलं.

ज्याने नागपुरात दाब वाढवून दिला तो मेकॅनिक एका बॉक्सवर अडून बसला होता. "मॅडम, बॉक्स लगा दो, बात खत्म." तो बॉक्स कपॅसिटरमध्ये वीज साठवून एकदम सोडतो. ठिणगी जबर पडते, पण क्षणभरच टिकते. माझं मन त्यावर बसेना. एक तर आमच्याकडचा उन्हाळा, त्यात इंजिनशेजारी आणखी एक तापणारा डबा. शिवाय तो बॉक्स बंद पडला की चारही प्लग बंद, आणि मूलच्या जंगलात त्याला हात लावणारा कोण भेटणार? माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीपुरती वीज देणारी एक कॉइल आहे. त्याच जागी जास्त ताकदीच्या चार कॉइल बसवल्या तर ठिणगी जरा जास्त वेळ टिकते. एखादी मेलीच, तर गाडी तीन सिलिंडरवर रडतखडत का होईना घरी येते. पाचवी कॉइल आणि एक पाना डॅशबोर्डच्या खणात ठेवला की मी कुणाच्या उपकारात नाही. ठरलं. मेकॅनिक नाराज झाला, झाला तर झाला.

बाबांना सांगितलं, "कॉइल कमजोर होत्या बाबा, नव्या टाकून राह्यली."

"मागच्या खेपेले गरमी म्हनली होती," ते म्हणाले. "त्याच्या आंधी पेट्रोल."

बाबांनी तरुणपणी शंकरपटात बैल पळवले आहेत. पट हरल्यावर माती ओली होती, घड्याळ चुकलं, अशी कारणं सांगणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. मला तो टोला बरोबर बसला आणि माझं डोकंही सणकलं. मी ताडकन निघून आले.

नव्या कॉइल हाती आल्या तेव्हा बसवण्याआधी, निव्वळ शिस्त म्हणून, मी मीटर काढला. इंजिन चालू, दिवे चालू, पंखा चालू, आणि इंजिन ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक असा विजेचा दाब मोजला. जवळपास शून्य यायला हवा होता. एक व्होल्टच्या वर आला. मला वाटलं मीटर बिघडला. दुसरा आणला, तोही तेच सांगत होता.

मग गाडीखाली शिरून, इंजिनातली वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी पाहिली. मागे दुरुस्तीला इंजिन उतरवलं होतं तेव्हा गंज नको म्हणून मी बॉडीला तिथे झकास काळा रंग दिला होता, आणि पट्टीही मीच त्या रंगावर आवळली होती. रंगातून वीज नीट जात नाही, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडा, हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात वर्गाला घोकून घेते. गाडीखाली पडल्या पडल्या मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाहेर यावंसंच वाटेना.

रंग खरवडून पट्टी पुन्हा आवळली. नव्या कॉइल लगेच बसवल्या असत्या तर माझी चूक त्यांच्याखाली कायमची झाकली गेली असती. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मग गाडी नेमकी कशाने अडली होती हे मलाही कधी कळलं नसतं. म्हणून जुन्याच कॉइलवर रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवली. ट्रकजवळ ज्या जोराला अडली होती त्या जोराला आता ती सरळ निघाली, फक्त अगदी शेवटच्या जोराला ठसकली. तेवढ्यासाठी नव्या कॉइल खरंच लागत होत्या. त्या बसवल्यावर तेही गेलं.

पुढच्या रविवारी गावी गेले. बाबा पिशवी घेऊन बसस्टॉपकडे निघालेच होते.

"बाबा, गाडी माह्या चुकीनं अडली होती," मी म्हणाले. "रंगावरच अर्थिंग बांधलं होतं म्या. पेट्रोल-बिट्रोल काई नोयतं."

ते थांबले. "तुले त्याच दिवशी मालूम होतं?"

"नाई. पन काई नाई झालं म्हनली, ते खोटं होतं. मीच भेली होती."

"मले दिसलं ना," बाबा म्हणाले, आणि दार उघडून बसले. मी नव्या कॉइलचं सांगायला लागले तर म्हणाले, "चाल आता, तिकडे बाई वाट पाहून राह्यली."

मूल गाव मागे पडलं. त्याच जंगलात, तशाच एका लादलेल्या ट्रकच्या मागे आम्ही आलो. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. तरी मी दोनदा आरसा पाहिला. मी गिअर उतरवला आणि पाय दाबला. शिट्टी वाजली आणि गाडी न ठसकता ट्रकच्या पुढे निघून गेली.

बाबा काय म्हणतात म्हणून मी वळून पाहिलं. वरचा दांडा मोकळा होता. पिशवी मांडीवर, तोंड जरासं उघडं, बाबा गाढ झोपले होते. इतक्या महिन्यांचा माझा खटाटोप ज्या एका क्षणासाठी होता तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

भद्रावती येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.