गाडी मागनं बसली

सासऱ्यांच्या मागं त्यांची गाडी माझ्या वाट्याला आली. नवऱ्याला चालवता येते, पण त्याची नोकरी लातूरला, आणि आठवड्यातून एकदा तो कळंबला येतो तेव्हा त्याला झोप आलेली असते. गाडी जुनी, लहान, पांढरी. मी इथल्या शाळेत शिकवते आणि शाळेला स्कूटी पुरते. गाडी ठेवली होती ती आत्यांसाठी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मावशी, तामलवाडीला, आणि त्यांना गाडी लागते, म्हणजे तुळजापूरच्या अलीकडंच उलट्या सुरू. त्यामुळं भेट व्हायची ती आत्या गेल्या तरच. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांना नेत असे.

मग आत्यांनी जायचं बंद केलं.

कारणं भक्कम होती. अमावस्या होती. मग पितृपंधरवडा होता. मग नवरात्र, तुळजापुरात गर्दी. गर्दी ओसरली तेव्हा मांजर व्यायली होती, आणि तिला अशा अवस्थेत सोडून जाणं बरं नव्हे. त्या मांजरीला आत्या रोज चप्पल फेकून मारत, पण ते असो. बघता बघता वर्ष गेलं. नवऱ्याचं मत पडलं की हा मानपानाचा मामला आहे, मावशींच्या नातवाच्या लग्नात आत्यांना हलकं लुगडं आलं होतं. मला ते पटलं नाही. आत्या लुगड्यावर वर्षभर धुमसणाऱ्यातल्या नव्हेत, त्या तिथंच मांडवात बोलल्या असत्या. पण दुसरं कारण मलाही सुचत नव्हतं.

तिकडून मावशी मला फोन करायच्या. "माजं काय चुकलं ग? तिला इचार तरी."

मी विचारलं. "अक्काचं काय चुकायचंय?" आत्या म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या. अशी वर्षं वाया घालवायला दोघींकडं शिल्लक तरी किती होती? मला त्यांचा राग यायचा, आणि राग कुणावर काढावा ते कळायचं नाही.

आई जात नाही तर गाडी कशाला, विकून टाकू, असं नवऱ्यानं ठरवलं आणि एक गिऱ्हाईकही पाहिलं. पण गाडी सरळ चालत नव्हती. वेग घेतला की स्टेअरिंग हलकं व्हायचं, पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवून चालल्यासारखी. प्रशिक्षणाला धाराशिवला जाताना मी सरळ रस्त्यावर गाडी सारखी डावीकडून उजवीकडं आणत असे. शिवाय तिन्हीसांजेला दिवे लावले की समोरून येणारा प्रत्येक जण आमच्यावर डोळे वटारायचा. गिऱ्हाईक काही येडं नसतं. म्हणून मी गाडी ढोकी रस्त्यावरच्या मिस्त्रींकडं नेली.

मिस्त्रींनी चाक धरून हलवलं आणि टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचे चाकापाशी असलेले सांधे, बदलले. गाडी तशीच. मग चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. गाडी तशीच, फक्त आता ती सरळ असल्याचा छापील कागद माझ्याकडं होता. मी म्हणाले, "मिस्त्री, पेपर अंदाजानंच सोडवायचा असला तर माझी पाचवीची पोरं पाठवते." त्यांना राग आला नाही. त्यांनी चहा सांगितला.

चहाचा गाडा रस्त्याच्या पलीकडं. बाकड्यावर बसलो आणि गाडी आम्हा दोघांना आडवी दिसली. तोंड वर, मागचा भाग खाली. कुत्रं दारात बसतं तशी.

"मॅडम, गाडी मागनं बसली की," मिस्त्री म्हणाले. मागच्या स्प्रिंगा पार दबून गेल्या होत्या. सगळं ओझं मागं, म्हणून पुढची चाकं हलकी, म्हणून स्टेअरिंग तरंगतं, आणि म्हणूनच दिवे रस्त्याऐवजी लोकांच्या डोळ्यांत. "भरता काय तुम्ही हिच्यात? शिमिट?"

"ज्वारी," मी म्हणाले.

रिकामी गाडी दारातून जाऊ द्यायची नाही, हा मावशींचा नियम. दर खेपेला डिकीत ज्वारीची पोती, आत्यांच्या शेजारी तूर, पायाशी कांदे, मांडीवर हरभऱ्याचं गाठोडं. नको म्हणायची सोय नव्हती, म्हटलं की एक पोतं वाढायचं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "मग स्प्रिंगांचा काय गुन्हा?" ते म्हणाले आणि नव्या मागवल्या. शॉकअपही बदलले. गाडी मागून चांगली चार बोटं वर आली.

शनिवारी गाडी घरी आणली तेव्हा आत्या ओट्यावर बसल्या होत्या. ज्वारीनं स्प्रिंगा बसल्याचं मिस्त्रींचं निदान मी त्यांना सांगितलं. त्या भिंत धरून खाली उतरल्या, मागचं दार उघडलं आणि आडव्या बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. परत बसल्या. परत उठल्या. मी चावी हातात घेऊन बघत राहिले.

"उद्या ऐतवार न्हवं?" त्या म्हणाल्या. "अक्काकडं जाऊ."

"उद्या गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय."

"त्याला सांग, मांजर व्यायलीय."

तुळजापूर मागं पडल्यावर त्या आपण होऊन बोलल्या. "ती सीट पार खाली गेलती. गुडघं छातीला लागायचे. अक्काचं दार आलं की ती पाण्याचा तांब्या न् भाकरतुकडा घिऊन हुबी. शेजारच्या बाया हुब्या. तिच्या दोन्ही सुना मला वढायच्या, एक हाताला, एक काखंत. मी निम्मी आत, निम्मी भाईर, आन् अक्का तुकडा हातात धरून थांबलेली. म्या काय पोतं हाय व्हय?"

"मग सांगायचं ना आत्या."

"काय सांगू? गुडघं गेले म्हणून? तुमी मला न्यायचंच बंद केलं असतं."

आम्ही बंद करू नये म्हणून त्यांनी स्वतःच बंद केलं होतं. मी उगाच हॉर्न वाजवला.

तामलवाडीला मावशी दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. सुना पुढं धावल्या, पण आत्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. दार उघडलं, पाय खाली टेकले आणि उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. मावशींनी तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, तुकडा टाकला, आणि मग दोघी दारातच रडल्या. चांगल्या मोठ्यानं. मीही रडले, माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं.

दुपारी निघताना ओसरीवर पोती मांडलेली होती. वर्षभराची बाकी धरून मांडली असावीत. मला मिस्त्री आठवले. पण वर्षभर वाट पाहिलेल्या बाईला कोण सांगणार? सुनांनी पहिलं पोतं उचललं आणि आत्या डिकीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ह्यातलं काय बी नगं."

मावशींचा चेहरा उतरला. "आजून राग हाय व्हय तुला?"

"राग कसला, अक्का? तुज्या ज्वारीनं गाडी बसली. गाडी बसली म्हणून मला उठता यीना. उठता यीना म्हणून म्या आले न्हाय." आत्यांनी बहिणीचा हात धरला. "ज्वारी एष्टीनं धाड. मी गाडीनं येते."

मावशींनी सुनांना पोती आत न्यायला लावली, सगळी. गाडी सुरू केल्यावर त्या खिडकीशी आल्या आणि सुनांची नजर चुकवून आत्यांच्या मांडीवर हरभऱ्याचं गाठोडं ठेवलं. आत्यांनी ते पदराखाली घेतलं. आरशात आमची नजरानजर झाली.

"मिस्त्रीला नगं सांगू," त्या म्हणाल्या.