नाटकातला सांजा

माझी मुलगी चौथीत होती तेव्हा तिच्या शाळेने भोपळ्यातल्या म्हातारीचं नाटक बसवलं. म्हातारी जंगलातून लेकीकडे जाते, वाटेत वाघ-कोल्हा भेटतात, लेकीकडे खाऊन-पिऊन गुबगुबीत होते आणि भोपळ्यात बसून परत येते, ती गोष्ट. बाईंनी तिची सगळी गाणी केली होती. पेटी त्या स्वतः वाजवायच्या.

माझ्या मुलीला म्हातारीच्या लेकीचं काम मिळालं होतं. काम लहान, पण एक अख्खं गाणं तिचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून त्या वर्षापर्यंत तिचा अभ्यास मी घेऊ शकत होते. गाण्याचा कागद हातात धरून मी म्हातारी व्हायचे आणि ती मला वाढायची. आम्ही पापडीला एका वाडीत भाड्याने राहायचो. मालक पहाटे फुलं घेऊन दादरला जायचे, माझे यजमान कामावर जायचे, मग दिवसभर वाडीत मी आणि मालकीणबाई. त्यांना मी मावशी म्हणायचे. त्या रोज चर्चला जाऊन आल्या की विहिरीपाशी माझ्याशी चार शब्द बोलायच्या. तेवढंच माझं बोलणं.

एक दिवस गाणं म्हणता म्हणता मुलीने विचारलं, "आई, आपली आजी का येत नाही आपल्याकडे जेवायला?"

मी म्हटलं, "लांब आहे गाव."

खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे रीत आहे की लेकीला मुलगा होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. माझ्या बहिणीला मुलगा झाला आणि आईने तिच्याकडे पोटभर पुरणपोळी खाल्ली. मला ही एकच मुलगी. तिच्या वेळी माझं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पुढचं सगळं बंद म्हणून सांगितलं. म्हणजे आई माझ्याकडे कधीच जेवणार नव्हती. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण आईने एकदा तरी माझ्या हातचं खावं, एवढी एकच गोष्ट लग्न झाल्यापासून मला हवी होती.

मुलीने मला न विचारता आजीला कार्ड टाकलं. नाटकात मी म्हातारीला जेवायला वाढणार आहे, तू बघायला ये, असं लिहिलं. आणि आई आली. भाऊ तिला सोडून मुंबईला गेला, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या सहा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आल्या आल्या मी पाण्याचा तांब्या पुढे केला, सवयीने. तिने तो हातात घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "हिरीवर कोन ऱ्हातं?"

मावशींनी तिला विहिरीचं पाणी काढून दिलं. मग तिथेच त्यांच्या ओट्यावर बसून तिने चहा घेतला, पावही खाल्ला. गावी ती दुसऱ्या जातीच्या घरचं ताकसुद्धा घेत नसे. माझ्या चुलीपासून तो ओटा दहा पावलांवर.

मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी आय माझ्याकडे पाव खाते नि तुझ्याकडे पानी नाय. हा कसला कायदा गो?"

मी म्हटलं, "आमचा आहे."

नाटकात लेक म्हातारीला काय वाढते, यावर शाळेत बरीच चर्चा झाली होती. पोळी चावता चावता गाणं म्हणता येत नाही, म्हणून बाईंनी मऊ काहीतरी आणायला सांगितलं. मी गुळाचा सांजा केला, आई करायची तसा, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून. एक डबा शाळेत दिला. उरलेला पातेल्यात झाकून ठेवला.

दुपारी हॉल भरला होता. मी आणि आई शेवटच्या रांगेत बसलो. भोपळा म्हणजे भाजीच्या दोन टोपल्या एकमेकींवर बांधून वरून रंगवलेला कागद. लेकीच्या घराचा देखावा मांडताना तो घरंगळेना, तेव्हा वाघ झालेल्या मुलाने येऊन ढकलला. सगळे हसले, आईपण हसली. मग माझी मुलगी आली. माझी जुनी हिरवी साडी दुमडून नेसवली होती. तिने पाट मांडला, ताट ठेवलं, सांजा वाढला आणि अजून घे, अजून घे, असं गाऊ लागली. म्हातारी झालेल्या पोरीला बहुतेक भूकच लागली होती. ती गाणं विसरून खातच बसली.

आई हळूच म्हणाली, "तिला नातू झाला असंल, म्हून खाती."

पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. मी समोर बघत राहिले. पुढचं नाटक माझ्या लक्षात नाही.

नाटक संपल्यावर मुलगी तशीच साडीत पळत आली. हातात डबा होता, तळाला दोन घास उरले होते. "आजी, आ कर," ती म्हणाली.

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "तू खा, माझी बाय. तू दमलीस."

"नाटकातलं आहे, आजी. घरातलं नाही."

आईने डब्याकडे बघितलं. डब्यावर माझ्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं. तिने ते दोन घास मुलीलाच भरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तोंड धुऊन मावशींच्या ओट्यावर जाऊन बसली. मी पातेल्यातला सांजा गरम केला आणि मागच्या दाराने मावशींच्या स्वयंपाकघरात नेला. त्यांनी झाकण उचलून बघितलं. आपलं भांडं काढलं आणि त्यात ओतून घेतला.

"मी केला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "खोट्याचं पाप माझ्यावर. फादरला सांगेन, आणखी काय."

मी तिथेच चुलीपाशी उभी राहिले. मधल्या भिंतीला हवेसाठी जाळी होती. त्यातून आईची पाठ आणि अर्धी बशी दिसत होती. तिने एक घास घेतला आणि थांबली.

"यात मीठ घातलंया," ती म्हणाली.

"घालते मी," मावशी म्हणाल्या.

"मला माझ्या आईनं शिकवलं. तुमाला कुनी शिकवलं?"

"असंच," मावशी म्हणाल्या.

आईने मागे वळून बघितलं नाही. ती सावकाश खात राहिली. बशी संपली तेव्हा बोटाने पुसून घेतली आणि म्हणाली, "आनखी हाय का वाईच?"

भांडं माझ्याजवळ होतं. मी ते उचललंसुद्धा. पण मी वाढायला गेले असते तर ती उठली असती. मावशी आत आल्या, माझ्या हातातून भांडं घेतलं आणि तिला वाढायला बाहेर गेल्या.