नानांची नजर शाबूत आहे

वसंतनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जुन्या मोटारीच्या काचेला खडू चोळत होते. मी दोंडाईच्याहून धुळ्याला काम शोधायला आलो होतो. विचारलं, "नाना, हे काय?" म्हणाले, "काचनी जनमपत्री वाची ऱ्हायनू." नानांना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने "चार गोड शब्द लिहा" असं कळवलं आहे. गोड मला जमणार नाही.

मोटारीच्या काचेच्या कोपऱ्यात पुसट शिक्का असतो; खडू चोळला की तो उठून दिसतो. कंपनीची खूण, एक आकडा, भोवती ठिपके. आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक, ठिपक्यांवरून महिना. मी एकदा चार पाहून फुशारकीने "चौसष्ट!" म्हणालो, तर नानांनी टपली मारली. "चौऱ्यात्तरमा बी चारच येस ना रे? शिक्कानी ठेवण दख." कोणत्या काळात कुठल्या कंपनीची खूण कशी बदलली, हे त्यांना तोंडपाठ. खान्देशात जुनी गाडी घेणारा आधी ती नानांना दाखवायचा.

मला हाताखाली घेऊन शिकवताना त्यांनी हातचं राखलं नाही. मी जळगावला काचांचं दुकान टाकलं तेव्हा आपली गिऱ्हाइकं सोबत घेऊन नाना एसटीने आले. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, सगळ्यांना पुरतील एवढ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून घेऊन आल्या होत्या.

आता पुढचं समितीने छापावं, नाहीतर फाडावं. जळगावच्या एका शेठजींना आपली जुनी मोटार प्रदर्शनात मांडायची होती. सगळं मूळचं असेल तरच तिथे मान. चारचौघांत नानांनी पुढची काच वाचली आणि म्हणाले, "हाई काच गाडीपेक्षा वीस वरीसनी धाकली शे." शेठजींचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले. "तू यांचाच चेला. तू सांग." त्यांच्या सगळ्या ट्रकच्या काचांचं काम नुकतंच मला मिळालं होतं. मी वाकून पाहिलं. नाना बरोबर होते, शंभर टक्के बरोबर. आणि मी बोललो, "काच मूळचीच आहे. नानांना आता बारीक दिसत नाही."

नानांनी रुमालाने काचेवरचा खडू पुसला आणि ते बसस्टँडकडे चालू लागले. माझं वाक्य मात्र धुळे-जळगाव फिरलं. ज्यांना नानांनी फसण्यापासून वाचवलं होतं तेही म्हणू लागले, म्हातारा चुकतो हल्ली. दोन वर्षांत नानांकडे कोणी येईनासं झालं. आज तीच मंडळी शाल-नारळ घेऊन उभी आहेत आणि शेठजी समितीचे अध्यक्ष आहेत. वा रे वा! लाज आम्ही सगळ्यांनी वाटून घ्यावी, त्यात मोठा वाटा माझा.

गेल्या आठवड्यात धुळ्याला जाऊन इथवरचा मजकूर नानांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बठ्ठं खरं शे. पन मना डोया चांगला व्हतात, हाई माले माहीतच व्हतं. लोकेसले तू आते सांगस?"

आपले डोळे चांगले होते हे त्यांना ठाऊकच होतं; लोकांना मी इतक्या उशिरा सांगतोय. खोटं दोन जिल्हे फिरायला चार दिवस पुरले; खरं तेवढंच फिरायला किती वर्षं लागतील कोण जाणे. मी दारोदार जाऊन सांगणार आहे. ते पुरतं सांगून होईपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, नानांना निरोगी आयुष्य लाभो.