ओल्या जमिनीची खूण

रमेशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लोकांना हे विचित्र वाटेल, पण आमच्यात काही सलत राहिलेलं नव्हतं, हेच तेव्हा मनात आलं.

दादा माझा मावसभाऊ. बुऱ्हाणपुरात वाढला, इंदूरच्या एका प्रयोगशाळेत लेझरवर काम करायचा. दोन लेझर एकत्र मिसळले की त्यांच्या फरकातून तिसरा, न दिसणारा टेराहर्ट्झ किरण निघतो, असं तो सांगे. मला कळेना, तेव्हा म्हणाला, गल्लीतले दोन यंत्रमाग कमीजास्त वेगाने चालले की मधूनच त्यांचा ठेका जुळतो ना, तसं. एक लेझर जरा सरकवला की किरणही सरकतो, आणि प्रत्येक वायू आपापल्या जागी तो शोषतो... ती त्या वायूची खूण.

बुऱ्हाणपूरजवळ शाहपूरला माझी केळी पिकवायची खोली आहे. तिथे या किरणाने वायू ओळखणाऱ्या आपल्या यंत्राची चाचणी घ्यायला तो जीपने आला. पाहुणे येणार म्हणून मी जमिनीवर छान पाणी शिंपडून ठेवलं होतं. यंत्र बघून दादा चार व्यापाऱ्यांसमोर म्हणाला, इथे कार्बाइडमधून निघणाऱ्या विषारी वायूची खूण दिसतेय. फळं झटपट पिकवणाऱ्या त्या बंदी असलेल्या कार्बाइडला मी कधी हात लावला नव्हता. शपथेवर सांगितलं, तरी तो यंत्राकडेच बघत राहिला. व्यापारी यायचे थांबले. त्या वर्षी मी त्याला राखी पाठवली नाही. फार राग होता मला.

आठ महिन्यांनी तो न सांगता आला. या वेळी काचेची नळी आणि पंप होता. उघड्या हवेत खुणा पसरून एकमेकींत मिसळतात. नळीतली हवा विरळ केली की त्या बारीक होऊन वेगळ्या दिसतात. त्याने कोरड्या खोलीतली हवा घेतली, मग मला पाणी शिंपडायला लावून पुन्हा घेतली. किरण हळूहळू सरकवत नेला. वाढलेली खूण पाण्याच्या वाफेची निघाली. कार्बाइडच्या वायूच्या जागी काहीच नव्हतं.

त्याने त्याच चौघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हणाला, "सुमे, गलती माझी आहे. तू पानी शिंपडलं, अन् मी जहर पाहिलं."

तेराव्याला इंदूरहून त्याची एक विद्यार्थिनी आली होती. मला म्हणाली, "तुम्हीच ना सुमाताई? सर हर नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायचे, माझी बहीण खरं बोलत होती, मी मशीनचं ऐकलं."

तिला ती खोली बघायची होती. मी शाहपूरला घेऊन गेले. दारात त्या मुलीने चपला काढल्या.