दुपारचे काळे मणी

मी मणी करते म्हटलं की लोक आधी विचारतात, ओवता का? ओवत नाही, करते. काचेचे. मग त्यांना वाटतं, कुपवाडला शेड असेल, हाताखाली माणसं असतील. आमची शेड म्हणजे विश्रामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या मागची धुण्याची जागा. वर पत्रा, एका कडेला मोरी, दुसऱ्या कडेला माझं टेबल आणि त्यावर बर्नर. बसले की उजवीकडे घासायची भांडी आणि डावीकडे काचेच्या कांड्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की जाळ बारीक करून मीच उठायचं. मणी तसाच सोडला तर वाकडा होतो आणि भात तसाच सोडला तर करपतो, त्यामुळे दिवसातून एकदा तरी दोन्हीपैकी काहीतरी बिघडतंच.

काम सांगायला सोपं आहे. सायकलच्या चाकाची तार घ्यायची, तिला शाडू आणि राखेचा पातळ लेप द्यायचा, तो सुकू द्यायचा. कांडी जाळात धरली की तिचं टोक पाकासारखं लोंबायला लागतं. ते तारेवर गुंडाळायचं आणि तार फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूला पोट काढतो. गोल झाला की गरम राखेच्या डब्यात पुरून ठेवायचा, म्हणजे सावकाश निवतो. घाई करून उघड्यावर ठेवला तर तेव्हा काही होत नाही, पुढं कधीतरी गळ्यात असताना तडकतो. राख मी माहेराहून आणते, जतकडून. आमची मेंढरांची माणसं, चूल अजून पेटती आहे. आईला वाटायचं, लेक सांगलीत राहून अजून राखेनंच भांडी घासते.

नुसत्या गॅसवर काच वितळते, पण काजळी धरते आणि मणी मळकट निघतो. जाळ निळा आणि टोकदार व्हायला ऑक्सिजन लागतो. साथ ओसरल्यावर दवाखान्यांनी आणि घराघरांनी घेतलेली, हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं स्वस्तात निघाली. त्यातलं एक नवऱ्यानं स्कूटरवर पायाशी उभं करून आणलं. नवरा माण तालुक्याकडचा, कुपवाडच्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर कामाला. यंत्र खाली उतरवून म्हणाले, "घे, आता तुझा जाळ सुटतोय का बघ." जाळ सुटला. त्या दिवशी मी पहिल्यांदा लख्ख काळा मणी केला आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खिशात घालून कामावर नेला आणि सगळ्यांना दाखवून हरवून आले.

मी रंगीत मणीही करते, कानातले, बाळांच्या मनगट्या. पण खरी मागणी काळ्याला. हल्ली मुलींना आखूड मंगळसूत्र हवं असतं, मणी मोजके, पण हाताचे. मुलींच्या आया मागच्या बोळानं येतात, टेबलापाशी स्टुलावर बसतात, मणी निवडतात. मंगळसूत्राचे मणी सवाष्णीच्या हातून घ्यायचे अशी आमच्याकडं रीत. म्हणून जाताना मला हळद-कुंकू लावतात, कुणी ओटीही भरतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एरवी धुण्याच्या दगडापाशी बसलेल्या बाईच्या कपाळाला कोण कुंकू लावतं?

ओवायला मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडं पाठवायची. त्यांची गाठ अशी की दोरा झिजेल पण गाठ सुटणार नाही. त्यांचे यजमान गेले आणि गिऱ्हाइकं मंगळसूत्रं सुनेच्या हातात द्यायला लागली. सुनेला गाठ मारता येत नव्हती. बाई दुकानाच्या पायरीवर बसून तिला सांगायच्या, असा घे, तसा घे, पण दोऱ्याला हात लावायच्या नाहीत. हे मी जेवताना नवऱ्याला सांगितलं, बाजारातली एक गोष्ट म्हणून. ते भाकरी मोडता मोडता ऐकत होते.

त्यांचा खोकला आम्ही बरेच दिवस अंगावर काढला. जिना चढताना थांबायला लागले तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात वाळूची धूळ बसली आहे. मी विचारलं, ती निघायची कधी? ते म्हणाले, निघत नाही. वाढू नये म्हणून काम सोडा. काम सोडलं. तरी वाढलं. मग म्हणाले, आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल, जितका जास्त वेळ तितकं बरं, त्याची यंत्रं मिळतात. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. नवऱ्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "हाय की घरात."

डॉक्टरांनी बजावलं होतं, जवळ जाळ नको. देव्हाऱ्यात मी विजेचा दिवा लावला. नवरा पुढच्या खोलीत, बर्नर मागं पत्र्याखाली आणि यंत्र मधे स्वयंपाकघरात. त्याला एकच तोंड. पुढं जाणारी नळी लावली तर मागं जाळ नाही, मागची लावली तर पुढं श्वास नाही. दोन्ही जोडून बघितल्या, तर त्यांना धाप लागली आणि माझा जाळही पिवळा पडला. दुसरं यंत्र घ्या असं ज्याला सुचतं त्याला आमचं घर ठाऊक नाही. दुसरं घ्यायला मणी विकावे लागतात आणि मणी करायला हेच यंत्र लागतं. त्यांचा पगार थांबल्यावर औषधं मण्यांवरच चालली होती. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते असं.

वाटणी त्यांनीच केली. दुपारी जेवण झालं की थोडा वेळ नळी माझी. तेवढ्यात ते उशीला टेकून निवांत बसणार, बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावणार. मी मागून ओरडून विचारायचं, "आवं, किती?" ते आकडा सांगणार. नव्वदच्या खाली आला की जाळ बंद, नळी पुढं. पहिल्या दिवशी माझा कान पुढच्या खोलीकडं, तार फिरवायची राहायची, एकही मणी गोल आला नाही. पण आतून "ब्याण्णव" आलं. परत विचारलं, परत "ब्याण्णव". हळूहळू हात ठरला. एवढ्यासाठी ते दम राखून ठेवायचे आणि खणखणीत सांगायचे.

त्या दुपारांत मी जे मणी केले तसे आधी कधी केले नव्हते. वेळ थोडा, म्हणून मन इकडंतिकडं जात नव्हतं. तार फिरायची, आतून आकडा यायचा, मणी राखेत जायचा. एकाही मण्यात बुडबुडा नाही. आपलं आता असंच का होईना चाललंय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एकदा दूध तापत ठेवून मी मागं बसले आणि उतू गेल्याचा वास आला. स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद केला आणि आलेच आहे तर म्हणून पुढच्या खोलीच्या दारातून विचारलं, "किती?" त्यांचे डोळे मिटलेले होते. तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "ब्याण्णव." बोटाला चिमटा होता, पण त्यात आकडाच नव्हता. मी तो काढून माझ्या बोटाला लावला. दाबला, परत लावला. सेल संपलेला होता. त्यांची नखं जांभळी पडली होती.

मी जाळ बंद केला, नळी बदलली, त्यांच्या नाकाला लावली आणि खाली बसले. त्यांची धाप बसल्यावर विचारलं, "सेल कवा गेला?"

"झालं की काय दिस."

"आन् तुमी आकडा सांगताय मला?"

"तुजं काम हुतंय न्हवं? मग."

मला इतका राग आला की तो चिमटा मी भिंतीवर आपटणार होते. आपटला नाही, कारण नवा कुठून आणायचा? दुकानात जाऊन सेल आणला आणि बर्नरवर पातेलं पालथं घातलं. तीन घरं पलीकडं एकांकडं पोळ्या करायला बाई हवी होती, तिथं विचारून आले. त्यांना ते कळलं तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवण पुढं ठेवलं तर ताट सारून म्हणाले, "त्या म्हातारीचं तूच सांगितलंस न्हवं?"

"कुठल्या?"

"पायरीवर बसती ती. दोऱ्याला हात लावीत न्हाई." मग थांबून, दम घेऊन बोलले, एकेक वाक्य. "माज्या मागं तुज्या हातचं काळं मणी कोन घील? लाल कर, निळं कर, त्येला कोन इचारतंय? मी हाय तवर करून घे. डबं भरून ठिव."

मी म्हटलं, "मग त्या डब्यातलं तरी कोन घील? मी तवा कोन असंन?"

"आगं, केलं तवा मी हुतो की. तवा तू सवाशीण हुतीस. मणी त्या येळचं." आणि वर म्हणाले, "लय सोपं हाय. तुला कळंना व्हय?"

त्यांनी हे पक्कं ठरवून टाकलं होतं. पडल्या पडल्या, माझ्या हाका ऐकत, श्वास मोजून मोजून वापरत, माझी पुढची सोय लावून ठेवली होती. मी रडले. त्यांच्यासमोरच रडले, लपवलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हातही त्यांना फार वेळ उचलून धरता आला नाही. मी म्हटलं, बघू.

त्याच आठवड्यात एका मुलीची आई मागच्या बोळानं आली. मिरजेच्या बाजूची, बोलायला मोकळी. मी त्या दुपारांतले मणी पुढं ठेवले. तिनं एकेक उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "किती स्वच्छ उतरलेत हो. ह्याआधी एवढे चांगले नव्हते तुमच्याकडं." मग मला कुंकू लावलं आणि म्हणाली, "तुमच्यासारखीच जोडी राहू दे आमच्या पोरीची." मधे यंत्र घुरघुरत होतं, त्यामुळे आमचं बोलणं पुढं ऐकू जात नव्हतं.

मी विचारून टाकलं. हसत हसत, सहज विचारल्यासारखं. "ताई, समजा एखाद्या बाईनं सवाष्ण असताना मणी करून ठेवले, आणि पुढं तिच्या यजमानांचं काही बरंवाईट झालं, तर ते मणी चालतात का हो?"

तिनं हातातला करंडा बंद केला. माझ्याकडं बघितलं, दारातून दिसणाऱ्या, यंत्रापासून पुढच्या खोलीत जाणाऱ्या नळीकडं बघितलं. मग मण्यांची पुडी पिशवीत घालता घालता थांबली. "असलं कशाला बोलता हो, लग्नघर आहे आमचं," असं म्हणाली. पुडी घ्यावी की ठेवावी तिला कळेना. शेवटी घेतली, पण ओटीचे तांदूळ आणले होते ते पिशवीतच राहिले. येते म्हणायची विसरून ती बोळातून गेली. घरी जाऊन ती कुणाला काय सांगेल हे मला आत्ताच ठाऊक आहे.

मी आत गेले. ते उठून बसले होते. बाई आलेली त्यांना कळली होती.

"इचारलंस?" त्यांनी विचारलं. मी विचारणार हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी ओळखतंच.

मी म्हटलं, "व्हय."

"काय म्हनली?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. त्यांच्याकडं आता द्यायला श्वासाशिवाय काही उरलेलं नाही, आणि तो ते कशासाठी देतायत हे मला माहीत होतं. तो वाया चाललाय हे त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार?

"चालतंय म्हनली. केल्या येळचं धरत्यात म्हनली."

असं हसलेलं मी त्यांना आजारपणात बघितलं नव्हतं. "मी म्हनलं न्हवतं?" असं म्हणत त्यांनी कानामागून नळी सोडवली, नाकातून काढली आणि माझ्या हातात दिली. "मग बस जा. येळ घालवू नगंस."

मी नाही म्हटलं असतं तर का म्हणून त्यांनी विचारलं असतं, आणि मला खरं सांगावं लागलं असतं. मी नळी घेऊन उभी राहिले. मग स्वयंपाकघरात गेले, यंत्राची नळी बदलली, बर्नरवरचं पातेलं उचललं आणि जाळ लावला. काळी कांडी घेतली.

"आवं, किती?"

"ब्याण्णव."

चिमट्यात सेल नवा आहे. आत चार पावलांवर जाऊन बघता येतं. बघितलं की थांबावं लागेल, आणि थांबले की त्यांना सगळं कळेल. मी तार फिरवत बसले.