नवरदेवाच्या गळ्यातला वाघ

"घोडी थांबवा! अरे, घोडी थांबवा म्हणतोय ना!"

ओरडत होते आमचे देवासचे मामा. धारच्या किल्ल्याखालचा रस्ता, उन्हं कलायला आलेली, घोडीवर माझा धाकटा भाऊ नवरदेव होऊन बसलेला, पुढे बँड, मागे बायकामंडळी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेले मामा म्हणजे हातातला खडू पडला तर खडूची माफी मागणारा माणूस. त्यांच्या गळ्यातून असा आवाज निघाला की ट्रंपेटवाल्याचा सूर हवेत जिथल्या तिथे उभा राहिला आणि ढोलवाल्याचा वर गेलेला हात खाली यायचं विसरला. मांडूच्या महालांत तो आवाज अजून घुमतो आणि तिथले गाइड तो पर्यटकांना जुन्या सुलतानाचा म्हणून ऐकवतात, असं मला खात्रीलायक कळलं आहे.

मामांनी लगाम धरला आणि भावाच्या छातीकडे बघत राहिले.

"हा हार याला कुणी घातला?"

"मामींनी," भाऊ वरून म्हणाला.

"या माझ्या नोटा आहेत."

"असणारच की," आमचे वडील म्हणाले. "भाच्याला नोटांचा हार मामाने नाही घालायचा तर कुणी?"

"दाजी," मामा अगदी हळू म्हणाले, "या *माझ्या* नोटा आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नोटांचा हार हे आम्ही माळव्यात शिकलो. आमच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून येताना मुंडावळ्या आणल्या, त्या आहेतच. पण इथे राहून घोडी आली, बँड आला आणि कोऱ्या करकरीत नोटांचा हारही आला. आता कोऱ्या नोटा आणायच्या कुठून? बँकेत मागितल्या तर कॅशियर आपल्याकडे त्याची किडनी मागितल्यासारखं बघतो. पण आम्हा धारकरांचे नातेवाईक देवासला, आणि नोटा छापायचा सरकारी कारखाना देवासला. त्यामुळे धारमध्ये अशी ठाम समजूत की देवासच्या माणसाच्या नळाला शाई येते. मामांचा त्या कारखान्याशी संबंध एवढाच की ते त्याच्या भिंतीशेजारून सायकलने जात. तरी घरात लग्न निघालं की आईचा फोन ठरलेला, "वहिनी, तुम्ही देवासचे. हाराला कोऱ्या नोटा तेवढ्या तुम्ही आणा."

दर वेळी मामी म्हणत, "नाही हो मिळत." या वेळी म्हणाल्या, "बघते."

आणि घरातल्या सगळ्यांत कोऱ्या नोटा घेऊन आल्या.

मामांकडे जुन्या नोटांचा संग्रह होता. होता असं आम्ही ऐकून होतो. बघितला कुणीच नव्हता. लोखंडी कपाट, त्यात पेटी, पेटीत शाल, शालीत अल्बम. लहानपणी सुट्टीत देवासला गेलो की टेकडीवरच्या देवीचं दर्शन दिवसातून कितीदाही मिळायचं, पण अल्बमचं नाही. उजेडाने रंग उडतो, श्वासाने कागद दमट होतो, बोटाच्या घामाने शाई मरते, असं मामांचं शास्त्र. त्या शास्त्रात बसेल असा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे ते स्वतः. आणि तेसुद्धा हात धुऊन, पुसून, श्वास रोखून बसत. मामींनी कपाट बाहेरून पुसायचं, एवढाच त्यांचा हक्क.

तो सगळा अल्बम आता जरीच्या फितीला टाचून माझ्या भावाच्या गळ्यात होता. नेहमीच्या हारात नोटा पंख्यासारख्या दुमडलेल्या असतात. या सपाट होत्या, एकेक आपापल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात. मला वाटलं, देवासची नवी फॅशन असेल.

"उतरव," मामा म्हणाले.

"उतरवायचा नाही," वडील म्हणाले. "एकदा घातलेला हार कार्यालयाच्या दारापर्यंत उतरत नाही. अपशकुन होतो."

"आणि दारात?"

वडिलांनी बँडवाल्यांकडे बघितलं. उत्तर मामांना माहीत होतं. दारात हार उतरतो आणि त्यावर बँडवाले, घोडीवाला, नवरदेवाचे मित्र असे तुटून पडतात की शेवटी जरीची फीतसुद्धा सापडत नाही. तो त्यांचा मान. नाही म्हटलं तर ऐन मुहूर्तावर दारात भांडण.

म्हणजे मामांच्या आख्ख्या आयुष्याला किल्ल्यापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता उरला होता.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हारावर टाकलं. "उजेड लागतो," म्हणाले. वरात निघाली. घोडीच्या एका बाजूला घोडीवाला, दुसऱ्या बाजूला उपरण्याचं टोक धरून मामा. अंत्ययात्रेतही इतका पडलेला चेहरा मी पाहिलेला नाही.

पण घोडी चालली की उपरणं सरकायचं. एकदा सरकलं आणि घोडीवाल्याची नजर आत गेली.

"भिया, ये दो के नोट पे शेर है क्या?"

आता मामा मुकाट राहिले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण जन्मभराचा मास्तर. वाघाला सिंह म्हटलेलं त्यांना सोसवलं नाही.

"शेर नाही, वाघ. टायगर. पट्टे बघ त्याचे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उपरणं बाजूला केलं. "हे पट्टे रंगाने भरलेले नाहीत. रेघा आहेत. कुणीतरी माणसाने आधी धातूवर कोरल्यात, उलट्या, आरशात दिसतात तशा. केसाएवढी रेघ. एक चुकली तर सगळा वाघ गेला. आणि कागदाच्या आतही काही आहे, ते उन्हात धरल्यावरच दिसतं."

घोडीवाला वाकला. घोडी थांबली. मागून ढोलवाला आला, त्याच्यामागे ट्रंपेटवाला, त्याच्यामागे मी. एवढासा वाघ, माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकला गेला असता. पण खरं सांगतो, मिशीचा एकेक केस वेगळा. आणि तो आमच्याकडे बघत होता. घोडीने एक पाऊल मागे घेतलं, यावर कुणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल.

मग काय विचारता. वरात पुढे सरकण्याऐवजी आत सरकायला लागली. प्रत्येकाला आपली नोट बघायची होती. गंधवानीहून आलेल्या वडिलांच्या मित्राला पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर दिसला. पाठीमागे उगवता सूर्य, खाली नांगरलेली जमीन. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जमीन काळी आहे. आपल्याकडचीच." नोट हिरवी होती, जमीनही हिरवीच छापलेली होती; पण त्याला काळी दिसली, आणि त्याने सांगितल्यावर मलाही दिसली. दुसऱ्या, आणखी जुन्या पाचावर हरणं होती. इतकी नाजूक की ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट पाठीमागे लपवला, दचकतील म्हणून.

दहाच्या एका म्हाताऱ्या नोटेवर शिडाची होडी होती. धरमपुरीच्या काकांनी तिला नर्मदेतली ठरवून टाकलं.

"हे शीड समुद्रातलं आहे हो," मामा म्हणाले.

"काठावर जन्म गेला माझा. मला होडी शिकवता?"

"लाटा बघा ना. नर्मदेला अशा लाटा येतात?"

"पावसाळ्यात येऊन बघा."

त्याच नोटेवर हिंदीत 'दस रुपया' छापलेलं. मामांनी सांगितलं, स्वातंत्र्यानंतर आधी असंच छापलं, मग मोठमोठ्या लोकांत वाद झाला की रुपया म्हणायचं की रुपये, आणि नंतरच्या नोटांवर रुपये आलं.

"हम तो आज भी दस रुपिया बोलते हैं," ढोलवाला म्हणाला. "सही तो छपा था."

मोरांच्या दहावर मामांनी माझ्या भावाला परीक्षेला बसवलं. मागच्या बाजूला सगळ्या भाषांच्या ओळी असतात ना. "यातली मराठी कुठली, सांग."

भावाचं शिक्षण हिंदीत. हार उलटा धरून, हनुवटी छातीला टेकवून त्याने देवनागरी ओळ शोधली. "दश... रूप्यकाणि."

"ती संस्कृत."

"धाकटी आत्या तर असंच मराठी बोलते."

आत्या मागेच होती. तिने फक्त शेला सावरला. "वर बघ," मामा म्हणाले, आणि त्याने वाचलं, "दहा रुपये." एवढीच दोन अक्षरी-तीन अक्षरी गोष्ट, पण आमच्यातली निम्मी मंडळी आयुष्यभर नोटा खर्चून, तिथे आपलीही एक ओळ आहे हे पहिल्यांदा बघत होती. वडिलांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

मीही माझी विद्या पाजळली. नोटेवर लिहिलेलं असतं, मैं धारक को अमुक रुपये अदा करने का वचन देता हूँ. लहानपणी माझी अशी समजूत होती की हे धारकरांबद्दल आहे. छापायचं देवासने आणि द्यायचं धारला, असा सरकारी करार. जुन्या एक रुपयावर मात्र हे वचन मिळेना.

"एकाच्या नोटेवर नसतंच," मामा म्हणाले. "ती सरकारची स्वतःची. तिला कुणाचं वचन लागत नाही." त्या एकावर समुद्रातली तेलविहीर होती, पाण्यात पाय रोवून उभी. दोनच्या दुसऱ्या नोटेवर आपला पहिला उपग्रह. सत्यनारायणाच्या प्रसादाला लोक रांग लावतात तशी घोडीपाशी रांग लागली होती, आणि रांगेत कुणी ढकलत नव्हतं. रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न न वाजवता थांबले. माळव्यात ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबला, यापुढे मी काय सांगू.

माझा भाऊ तर बिचारा भिंतीसारखा बसला होता. लोक त्याच्या छातीकडे बघत आणि पुढे जात. तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. "मी उतरू का? हार घोडीला घाला," तो म्हणाला.

असं करत करत आम्ही कार्यालयाच्या दारात आलो आणि मामांचा चेहरा पुन्हा पडला. बोलण्याच्या नादात ते विसरले होते. मुलीकडची मंडळी आरती घेऊन उभी. वडिलांनी हार उतरवला आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी उंच धरला. तुटून पडायची हीच वेळ. मामांनी डोळे मिटले.

कुणी हात पुढे केला नाही.

ढोलवाल्याने हात कोटाला पुसले आणि मागे घेतले. मित्रमंडळी एकमेकांकडे बघत राहिली. मग घोडीवाला पुढे आला. त्याचा मान सगळ्यात पहिला.

"मेरा नेग," तो म्हणाला.

मामांनी डोळे उघडले. "कौन सा?"

"शेर वाला," म्हणाला, आणि लगेच सुधारलं, "बाघ वाला." मामा काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "लेना नहीं है, भिया. एक बार धूप में दिखा दो. आप बोले थे ना, कागज के अंदर भी कुछ है."

ज्या मामांनी सख्ख्या बहिणीला अल्बमची शाल उघडून दाखवली नव्हती, त्यांनी हारातून वाघाची नोट सोडवली, पाकिटासकट घोडीवाल्याच्या हातात दिली, त्याचं मनगट धरलं आणि मावळत्या सूर्यासमोर वर केलं. कोऱ्या दिसणाऱ्या जागेतून हळूहळू सिंह वर आले, चार दिशांचे, पाठीला पाठ लावलेले. शाई नाही, रेघ नाही. नुसता कागद कुठे जाड, कुठे पातळ. घोडीवाल्याने मामांसारखाच श्वास रोखला. मी त्याच्या काखेखालून बघत होतो, मीही रोखला. आणि मी इतका वेळ श्वास रोखला याला आख्खं धार साक्षीदार आहे.

मुहूर्त टळतोय म्हणून भटजी आतून ओरडले, तेव्हा कुठे नोट खाली आली.

लग्न लागलं. जेवणं सुरू झाली. मामा ताटासमोर हार मांडीवर घेऊन बसले होते आणि एकेक पाकीट तपासत होते. एकाही नोटेला भोक नव्हतं. सगळ्या टाचण्या पाकिटाच्या काठाला, नोटेपासून नीट अंतर राखून, एका रेषेत. रंग उडाला नव्हता. श्वास तर आख्ख्या वरातीचे लागले होते.

मामी वाढायला आल्या. मामांनी मान वर केली. रागावलेले नव्हते. खरोखरच विचारत होते.

"या कसल्या नोटा आहेत, ते कळलं नाही तुला?"

मामींनी त्यांच्या ताटात श्रीखंड वाढलं.

"मला कधी दाखवल्यात तुम्ही?"