सहा कोरी पानं

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या मराठी मंडळाचा अंक छापत नसत. तो हातानं लिहायचे आणि त्याची प्रत एकच असायची. दसऱ्याला अंक निघाला की यादीप्रमाणे सात घरी फिरायचा, प्रत्येक घरी दोन दिवस. वाचून झालं की शेवटच्या पानांवर अभिप्राय लिहून सही करायची. सातवं घर लेखनिकेचं. ती लेखनिका म्हणजे शरयू, वय चौतीस, कंपू भागातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तेरा वर्षं तिनं लोकांच्या प्रवासवर्णनांना आणि संपादक रघुनाथरावांच्या लांबलचक अग्रलेखांना आपलं वळणदार अक्षर दिलं होतं. स्वतःचं मात्र एक वाक्य लिहिलं नव्हतं. कुणी लिही म्हटलंही नव्हतं म्हणा.

छप्पन साली मध्यभारत मोडून नवं राज्य होणार असं ठरलं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि अर्धी गल्ली सामान बांधायला लागली. अशात लेख कोण लिहितो? एकानं लेखाऐवजी भोपाळहून पोस्टकार्ड टाकलं की घर मिळत नाही. अंकात सहा पानं कोरी राहिली. रघुनाथरावांनी हात वर केले. सुभाषितं घाल, चुटके घाल, मी काही पुन्हा बघत नाही, असं सांगून ते मोकळे झाले.

शरयूनं सुभाषितं घातली नाहीत.

शरयूचं लग्न विलीनीकरणात मोडलं, असं सगळी मराठी मंडळी आठ वर्षं हळहळून सांगत होती. अठ्ठेचाळीस साली देवासचं स्थळ आलं होतं. मुलगा वकील होता. त्यानं मुलगी पाहिली आणि पसंती कळवली. तेवढ्यात ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि देवासकर गप्प बसले. तिचा थोरला भाऊ गोपाळकृष्ण दरबारच्या दफ्तरात कारकून होता. ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही त्याची बहीण कोण करून घेणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आईवडील नव्हते. बहिणीचं झाल्याशिवाय आपण बोहल्यावर चढायचं नाही, हा त्याचा हट्ट. पुढे तिची आणखी तीन स्थळं फिसकटली. आता तो बेचाळीसचा होता, टक्कल पडलं होतं, आणि दुसऱ्यांच्या लग्नात पंगतीत वाढायला सगळ्यांच्या आधी धावायचा.

देवासकर गप्प बसले, कारण त्यांना नकार गेला होता. तो शरयूनं पाठवला होता.

दफ्तरातले मसुदे दादा घरी आणायचा आणि ती ते स्वच्छ उतरून द्यायची. हुबेहूब त्याच्या अक्षरात, कारण पाटीवर तिला गिरवायला शिकवलं होतं तेही त्यानंच. त्याच्या साहेबालाही कधी फरक कळला नव्हता. त्याच अक्षरात तिनं देवासला लिहिलं की दिवस अनिश्चित आहेत, आपण दुसरीकडे पाहावे. त्यांचं उत्तर भर दुपारी आलं. दादा कचेरीत होता. तिनं ते चुलीत घातलं.

त्या सहा पानांसाठी तिनं लिहिलेल्या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात सगळा दोष वकिलाचा होता. त्याचं हसणं, त्याचं रोखून बघणं. तिनं ते वाचलं आणि तिची तिलाच लाज वाटली. माणूस चांगला होता. तिला लग्नच नको होतं, शाळा हवी होती, आणि हे दादाच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती. तिनं तसं लिहिलं. मग त्याखालचं निघालं, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दादा बिनलग्नाचा राहिला, घरात दुसरी बाई आली नाही, घर आपलंच राहिलं, याचं तिला बरं वाटत आलं होतं. हे कागदावर आलं तेव्हा ती भिंतीला टेकून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं वाक्यं घासूनपुसून नीट केली आणि अंकात उतरवली. शेवटी आपलं नाव घातलं.

अंकातलं कुणी काही वाचत नाही, असा तिचा तेरा वर्षांचा अनुभव होता. सातव्या घरी दादा तेवढा वाचतो. त्याच्या हिशेबानं तिनं लिहिलं होतं, आणि मधली सहा घरं जमेत धरली नव्हती. तिसऱ्या दिवशी हे लक्षात आलं आणि ती अंक परत मागायला यादीतल्या दुसऱ्या घरी, विजयाबाईंकडे गेली. लेखनिका झाली म्हणून काय, पाळी म्हणजे पाळी, असं म्हणून विजयाबाईंनी तिला वाटेला लावलं. पुढचे दिवस दादा कचेरीतून आला की ती आधी त्याचा चेहरा बघायची. तीनदा ती सांगायला म्हणून त्याच्यासमोर उभी राहिली. तिन्ही वेळा त्यानं सामान बांधायची सुतळी कुठे ठेवलीस म्हणून विचारलं, आणि तिनं सुतळी काढून दिली.

रविवारी दुपारी अंक घरी आला. दादाची कचेरी भोपाळला चालली होती; शाळा सोडून तीही मंगळवारी त्याच्याबरोबर निघायची होती. शरयूनं आधी अभिप्राय उघडले. विजयाबाईंनी लिहिलं होतं, ‘कथा मनाला भिडली. भावाचे पात्र उत्तम रंगवले आहे.’ संभाजीरावांना शेवट आणखी ठसठशीत हवा होता. रघुनाथरावांनी कथालेखिका म्हणून तिचं अभिनंदन केलं होतं. इतकं नटवून लिहिलं, की खरं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

तिच्या हातातला अंक घेऊन दादानं तो लेख सावकाश शेवटपर्यंत वाचला.

“एकदम बढिया लिहिलीस,” तो हसून म्हणाला. “कचेरीत लोक विचारत होते, की तो भाऊ मतलब मीच का. मी म्हटलं, कथा आहे हो.”

नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. गल्ली खूश, दादा खूश, मंगळवारी भोपाळ. तसं करावं असं तिला फार वाटलं.

“कथा नाही दादा. देवासला नकार मी पाठवला. तुझ्या अक्षरात.”

त्याचं हसू काही वेळ तसंच राहिलं. मग त्यानं चष्मा काढला.

“काय खराबी होती त्या मुलात?”

“काही नाही.”

“मग मला सांगायचंस.”

“तू ऐकलं नसतंस.”

त्यानं यावर खरोखरच विचार केला. “नसतं ऐकलं,” तो म्हणाला. त्यानं ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं. तो अंकाची पानं उलटत राहिला. एका पानावर थांबला.

“आणि हे? माझं लग्न नाही झालं ते तुला बरं वाटलं, हे?”

“तेही खरं आहे.”

उठून त्यानं टाक आणला आणि सगळ्यांच्या अभिप्रायांखाली लिहिलं, ‘ही कथा नव्हे. यातील भाऊ मी आहे. सर्व खरे आहे.’ खाली पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली. अंक आता मंडळाच्या कपाटात जायचा होता, तिथे तो कुणीही काढून वाचला असता. शरयूनं त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

शाई वाळेपर्यंत तो बसून राहिला. मग अंक मिटून त्यानं तिच्यासमोर ठेवला.

“मंगळवारी मी एकटा जातो,” तो म्हणाला. “तू तुझी शाळा बघ.”